लातूरच्या उस्तादांना, न खोललेल्या हेडबद्दल

उस्ताद, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, तुमच्या हाताखालचा पोरगा वाचून दाखवील. नाव लिहीत नाही, कारण "नाव-बिव टाकू नगा, उगं गर्दी होती" असं तुम्हीच बजावलंय. पण माझी तापणारी गाडी बरी केल्याबद्दल आभार मानल्याशिवाय राहवत नाही, आणि ते चारचौघांत मानावेत असं वाटतं. गाडी तापली की "हेड गेलं" (हेड म्हणजे इंजिनाचा सिलिंडरांवर बसणारा भाग) हे ऐकून घरी परतणारी माणसं मराठवाड्यात दर उन्हाळ्याला असतातच.

माझी गाडी १९९८ची मारुती झेन. ९९३ सीसी, चार सिलिंडर, कार्बोरेटरवाली. ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचं. हे इंजिन हलकं, चपळ, आणि तेलपाणी वेळेवर मिळालं तर वर्षानुवर्षं तक्रार न करणारं. फक्त तापणं त्याला सोसत नाही. अॅल्युमिनियम उष्णतेनं बिडापेक्षा जास्त फुगतं आणि एकदा मर्यादेबाहेर तापलं की हेडची सपाटी जाते. सपाटीत ०.०५ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे वहीच्या कागदाच्या साधारण निम्म्या जाडीएवढा. त्यापुढं गेलं की हेड घासून घ्यावं लागतं. म्हणूनच "हेड गेलं" या शब्दांची भीती वाटते, आणि म्हणूनच ते शब्द इतक्या सहज विकले जातात.

तुमच्याआधी गाडीनं तीन गॅरेज पाहिली. पहिल्यानं बॉनेट वर केलं, रेडिएटरमधून उसळलेलं पाणी पाहिलं आणि उभ्याउभ्याच हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं पातळ पॅकिंग) गेल्याचा अंदाज सांगितला. एक प्लग काढून बघितला नाही. दुसऱ्यानं फॅन डायरेक्ट केला, म्हणजे सतत फिरेल असा जोडला, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडून ते रेडिएटरकडं सोडणारी झडप) काढून फेकून दिला आणि वर विचारलं, "इथं काय बर्फ पडतो का?" तिसऱ्यानं तर रेडिएटरच्या बारीक गळतीवर हळद टाकली. हळदीनं गळती थांबते, हे खरंय. गळणाऱ्या छिद्रासोबत रेडिएटरच्या धड नळ्याही ती तितक्याच निष्ठेनं बुजवते, हे तो सांगायला विसरला.

थर्मोस्टॅट काढण्याचा हा रोग आपल्याकडं फार जुना आहे. तो फक्त बर्फाळ मुलखासाठी असतो, असा समज पक्का बसलाय. प्रत्यक्षात तो इंजिनाला लवकर तापवतो आणि मग योग्य तापमानाला धरून ठेवतो. तो नसला की थंडीच्या दिवसांत इंजिन कोमटच राहतं. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन नेतं, ऑइल पातळ होतं, आतलं बाष्प उडून जात नाही आणि इंजिनावरच्या टॅपेट कव्हरखाली चिखलासारखा साका धरतो. मायलेज उतरतं ते वेगळंच. या गाडीत हे सगळं झालं होतं. आणि उन्हाळा आला तसं पाणी पुन्हा उकळलं, कारण मूळ दुखणं थर्मोस्टॅटमध्ये नव्हतंच.

तुम्ही पहिल्यांदा काय केलंत? काहीच नाही. "घाई कामून करता? थंड होऊ द्या आधी." गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं, तासभर थांबणारे थोडे. त्या तासात तुम्ही एकच प्रश्न विचारलात: गर्दीत तापते, की मोकळ्या रस्त्याला लागल्यावर? उभ्या गाडीत काटा चढत असेल तर आधी फॅनकडं बघायचं, ८०च्या वेगात चढत असेल तर पाण्याच्या वाहण्याकडं. ही गाडी औशाच्या रस्त्यावर, भर वेगात तापायची. फॅन डायरेक्ट करून काही होणार नव्हतं, हे त्या एका उत्तरातच कळलं.

मग चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, घेतलंत: १३, १२.८, १३, १२.६. नव्या इंजिनाला १४ किलो, खालची मर्यादा १२, आणि दोन सिलिंडरांतला फरक एका किलोच्या आत. दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरमधलं गॅस्केट फुटलं असतं तर ते दोन आकडे जोडीनं पडले असते. झाकण काढून इंजिन चालू केलं तर पाण्यात सतत बुडबुडे नाहीत. डिपस्टिकवर (तेलाची पातळी बघायच्या पट्टीवर) दुधाळ तेल नाही. प्लग काजळलेले होते, पण ती थर्मोस्टॅट नसल्याची काजळी. पाणी आत शिरलं असतं तर एखादा प्लग धुतल्यासारखा पांढरा निघाला असता. फॅनची वायर काढून ठेवून गरम रेडिएटरवर हात फिरवलात: वरचा भाग चटका देणारा, खालचा डावा कोपरा गार. निम्म्या नळ्या बंद. हेडला हातही लावायची गरज नव्हती.

पण हे सगळं एखादा चांगला मिस्त्री करतोच. आभार मानायचेत ते पुढच्या गोष्टीचे.

नवा थर्मोस्टॅट खोक्यातून काढला, घरात बसवला, दोन बोल्ट आवळले, की काम संपलं असतं. कुणी विचारलंही नसतं. तुम्ही शेजारच्या टपरीवरून गॅसची शेगडी मागून आणलीत. त्यानं चहाचं पातेलं पुढं केलं तेव्हा ते नाकारलंत: "ह्यात माणसं चहा पितेत." स्वतःचा जुना तुपाचा डबा काढला, पाणी भरलं. थर्मोस्टॅटच्या मिटलेल्या झडपेत दोऱ्याचं टोक अडकवून तो पाण्यात टांगला, बुडाला टेकू दिला नाही, कारण बुडाचं पत्र्यालगतचं पाणी जास्त गरम असतं. त्यावर ८२ हा आकडा कोरलेला होता. म्हणजे ८२ अंशांना झडप उघडायला लागली पाहिजे आणि ९५च्या आसपास ती आठेक मिलिमीटर उघडली पाहिजे. झडप उघडली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट तळाशी पडतो.

आणि डेअरीत वापरतात तो थर्मामीटर गिऱ्हाइकाच्या, म्हणजे माझ्या, हातात दिलात. "आकडा तुमीच वाचा. मी सांगितलेलं कशाला ऐकता?"

पहिला थर्मोस्टॅट ७१ला पडला. कोरा करकरीत, खोक्यातला. तुम्ही काही बोलला नाहीत, पोराला स्कूटरवर दुकानात पाठवून दुसरा मागवलात. तो ८२च्या किंचित पुढं पडला. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर, इथं पाणी ९८च्या आसपास उकळतं. तोपर्यंत तो पूर्ण उघडलेला स्वच्छ दिसला. मगच बसवलात, हवा सुटायची बारीक पिन वरच्या बाजूला ठेवून.

आडतीवर एखादा व्यापारी काटा शेतकऱ्याकडं तोंड करून ठेवतो. तुरीच्या भावात त्यानं काही फरक पडत नाही, पण पोतं वजनावर चढताना माणूस खाली बघत नाही, काट्याकडं बघतो. तो थर्मामीटर हातात असताना तसंच झालं. तीन गॅरेजांत विश्वास ठेवा म्हणाले होते. तुम्ही ठेवू नका म्हणालात.

पाण्याबद्दल तुम्ही जे बोललात तेही इथं लिहून ठेवतो, लोकांच्या कामाचं आहे. २०१६ला ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं रेडिएटरमध्ये बोअरचंच पाणी पडणार, हे समजण्यासारखं आहे. पण आपल्या बोअरचं पाणी जड. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तापल्यावर पांढऱ्या थरासारखे नळ्यांत आणि हेडच्या वाटांत बसतात, माठाच्या बुडाला बसतात तसे. तो थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. शिवाय गंजरोधक काहीच नसल्यानं अॅल्युमिनियमला खड्डे पडतात आणि वॉटर पंपाचं सील घासतं. कूलंट पाणी गोठू नये म्हणून नव्हे, या दोन गोष्टींसाठी आणि उत्कलनबिंदू वाढवण्यासाठी घालायचं: निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. साधं हिरवं कूलंट असेल तर दर दोन वर्षांनी बदलायचं. रस्त्यात अडचण आलीच तर बाटलीतलं पाणी घाला, पण घरी आल्यावर काढा.

रेडिएटर नवं टाकलं, कारण हळद आणि क्षार मिळून जे तयार झालं होतं ते रॉडिंगनं, म्हणजे नळ्यांत सळई घालून, निघण्यासारखं नव्हतं. झाकण बदललं. जुन्याची स्प्रिंग मेली होती, आणि हे झाकण ०.९ किलोचा दाब धरतं म्हणूनच साधं पाणीसुद्धा ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. फॅन पुन्हा थर्मोस्विचवर घेतलात, म्हणजे पाणी तापल्यावरच तो फिरेल. हीटरचा खटका गरमवर ठेवून, गाडीचं तोंड जरा उंच करून, फॅन दोनदा चालू-बंद होईपर्यंत हवा काढलीत. काढलेलं पाणी नालीत सोडलं नाही; कूलंट गोड लागतं, कुत्री पितात आणि मरतात, म्हणून कॅनमध्ये भरून ठेवलंत. साका धरलेलं ऑइल फिल्टरसकट बदललं.

टायमिंग बेल्ट बघून म्हणालात, याचं वय कुणाला माहीत नसेल तर तो जुनाच समजा. वॉटर पंपाच्या खालच्या छिद्राशी ओघळ नव्हता, म्हणून पंपाला हात लावला नाही; बेल्टच्या वेळी सोबतच बदलू म्हणालात, दोनदा मजुरी कशाला. पेट्रोलचे रबरी पाइप मात्र लगेच बदललेत. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही, आणि गरम मॅनिफोल्डच्या वर पाइप भेगाळला की काय होतं ते सांगायला नको.

राहिले टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, ज्यांच्या आणि व्हॉल्व्हच्या मध्ये बारीक फट ठेवावी लागते. ते वाजतात म्हणून याआधी कुणीतरी आवळून गप्प केलेत, हे तुम्ही कान लावून ओळखलंत. फट कमी राहिली की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि त्याची कड जळते. "वाजलेला टॅपेट बरा, गप्प बसलेला वाईट," हे तुमचं वाक्य. गरम इंजिनावर फीलर गेज (फट मोजायची पट्टी) घालायला तुम्ही तयार नव्हता, म्हणून ते काम पुढं ढकललं.

पाचशे किलोमीटर झाल्यावर थंड इंजिनात पातळी बघा म्हणाला होतात. बघितली, टाकीच्या खुणेवर आहे. भर मे महिन्यात, एसी लावून, काटा निम्म्याच्या खालीच थांबतो आणि चढावर हलत नाही. टॅपेटसाठी गाडी रविवारी रात्रीच तुमच्या शेडसमोर लावून जातो, म्हणजे सोमवारी सकाळी इंजिन गार सापडेल. किल्ली टपरीवाल्याकडं देतो.