घड्याळातल्या आकड्याबद्दल थोडंसं

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, तुमच्या स्मार्ट घड्याळातल्या ‘स्ट्रेस’च्या, म्हणजे ताणाच्या आकड्याचा फोटो तुम्ही रोज सकाळी पाठवता, त्याबद्दल आज लिहूनच टाकते. फोनवर तुम्ही “कळलं, कळलं” म्हणून मोकळे होता.

ते घड्याळ मनातला ताण मोजत नाही. मागचा हिरवा दिवा कातडीवर पडतो, रक्त तो प्रकाश शोषून घेतं आणि त्याच्या कमी-जास्तीवरून घड्याळाला ठोके कळतात. माणूस निवांत असला तरी दोन ठोक्यांमधलं अंतर अगदी सारखं नसतं. शरीर सावध झालं की हा फरक कमी होतो, आणि त्यावरून घड्याळ अंदाज बांधतं. मग जिने चढलात, कडक चहा झाला, झोप मोडली, तरी आकडा चढणारच. त्यात तुमची बीपीची गोळी ठोक्यांचा वेग कमी करणारी, म्हणजे तुमच्या बाबतीत हा अंदाज आणखी कच्चा. त्यावरून गोळी कमी-जास्त करायची नाही, ते डॉक्टर बघतील.

आकडा सोडा, वेळ बघा. तुमचा आलेख रोज रात्री नऊच्या सुमाराला चढतो. तेव्हा टीव्हीवर कोण कोणावर ओरडत असतं ते मला माहीत आहे! ओरडणारे घरी जाऊन झोपतात, जागे तुम्ही राहता. त्याऐवजी घड्याळातलं श्वासाचं बटण दाबा. ५ सेकंद श्वास आत, ५ सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला ६ श्वास. रोखून धरायचा नाही. चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबा.

आई, तुझ्या हातात घड्याळ नाही, पण व्हॉट्सअॅपवर तुझं ‘लास्ट सीन’ मला दिसतं. रात्री अडीच, पहाटे चार. आजीला उठवायचं, बसवायचं, परत निजवायचं, आणि मग झोप उडाली की फोन. विचारलं की तू म्हणतेस, “मला काय झालंय?” १४४१६ हा नंबर फोनमध्ये घालून ठेव. टेली-मानस, मनावरच्या ताणाबद्दल फोनवर बोलायची सरकारची सेवा आहे, २०२२ मध्ये सुरू झाली. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. वेड लागलेल्यांसाठी वगैरे नाही गं. आजारी माणसाचं करून थकलेल्या बाईनेही खुशाल फोन करावा.

पण थकवा ओळखणारं यंत्र आजीला उठवायला येणार नाही. बाबा, आठवड्यातल्या दोन रात्री आजीजवळ तुम्ही झोपा. बाकी रात्रींसाठी बाई ठेवू, पैसे मी पाठवते. शेजारच्या काकूंना विचारून ठेवा.

रविवारी फोन करीन. स्पीकरवर ठेवू नका, मला आईशी एकटीशी बोलायचंय.

तुमची,
मनू