पॉइंट टूटूची रायफल अंगाबरोबर करून घेणं म्हणजे थाट नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांच्या सदरात एका सद्गृहस्थांचं पत्र आलं होतं. नेमबाजीला जाणारी आजची मुलं खेळापेक्षा सामानावर जास्त लक्ष देतात, चांगली रायफल हातात असताना बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) बदल, चीकपीस (गाल टेकायचा भाग) बदल, डायॉप्टर (नेम धरायची डोळ्याजवळची बारीक भोकाची साइट) बदल असे बाहेरचे सुटे भाग लावत बसतात आणि आईवडिलांचे पैसे उधळतात, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांची तळमळ मला समजते, पण आक्षेप पटत नाही. माझी नोकरीची सगळी वर्षं इंदूरच्या सांवेर रोडच्या कारखान्यांत, टूलरूममध्ये (साचे आणि हत्यारं बनवायच्या विभागात) गेली. माझी पुतणी .२२ (पॉइंट टूटू) रायफलची ५० मीटर थ्री पोझिशन, म्हणजे गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून मारायचा प्रकार, खेळते. या दोन्ही नात्यांनी मला यावर बोलायचा हक्क आहे असं वाटतं.

पुतणी डावरी आहे. क्लबच्या सगळ्या रायफली उजव्या हाताच्या. उजव्या रायफलच्या ग्रिपला तळव्याकडे जो फुगवटा असतो, तो डाव्या हातात बरोबर उलट्या बाजूला येतो, म्हणजे बोटांखाली. गालाला टेकायचा चीकपीसही उजव्या गालासाठी तासलेला. पोरगी मान वाकडी करून, गाल ओढून डायॉप्टरमधून पाहायची. पंधरावीस गोळ्यांनंतर मान आखडायची आणि गोळ्या हळूहळू एका बाजूला सरकायच्या. प्रशिक्षक म्हणायचे, एकाग्रता वाढव. एकाग्रता काय करणार? मानेचा स्नायू ताणलेला असताना डोळा प्रत्येक वेळी त्याच जागी येत नाही, आणि डोळ्याची जागा केसभर हलली तरी ५० मीटरवर दहाचं वर्तुळ हातचं जातं. त्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर आहे. आपल्या करंगळीचं नख साधारण तेवढंच भरेल.

चीकपीसची उंची पाहायची रीत सोपी आहे. डोळे मिटायचे, रायफल खांद्याला लावायची, मान जशी सहज पडेल तशी पडू द्यायची आणि मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकावरच्या फोरसाइटची रिंग मागच्या डायॉप्टरच्या भोकात मधोमध दिसली पाहिजे. ती खाली-वर दिसली तर चीकपीस हलवायचा, मान नाही. हे काम फार हळू हाताने करावं लागतं, तंबोऱ्याची जवारी लावताना सुताचा धागा सरकवतात तसं. पुतणीच्या बाबतीत पाव मिलिमीटरच्या पट्ट्या खाली घालत आम्ही उंची ठरवली आणि मगच स्क्रू आवळले.

ग्रिपचं काम मी स्वतः केलं. रेंजवर आर्मररसमोर (शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्या कारागिरासमोर) जुन्या लाकडी ग्रिपचं माप घेतलं, अक्रोडाच्या तुकड्यातून ढोबळ आकार काढला आणि त्याच्यावर गाडीच्या डेंटिंगला वापरतात ती पुट्टी थापली. वर पातळ प्लॅस्टिक गुंडाळून तिला ट्रिगर धरतेस तशी मूठ वळ म्हटलं. पुट्टीत तिच्या तळव्याचा खळगा, अंगठ्याची बैठक, मधल्या बोटांच्या वळ्या, सगळं उमटलं. मग मोठ्या कानशीने, नंतर बारीक कानशीने आणि शेवटी पॉलिश पेपरने ते अंगाबरोबर आणलं. मूठ न आवळता बोटाचं टोक सरळ ट्रिगरवर मागे येतं की नाही, एवढंच पाहायचं होतं. बोट तिरकं आलं की सुटताना नळी बाजूला ढकलली जाते. रायफल या सगळ्या काळात माझ्या घरी आली नाही, यायलाही नको. ती परवान्यावर आहे, शस्त्रागारात असते, आणि फिटिंग रेंजवरच झालं.

हे मुद्दाम लिहितो, कारण मुलं मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहतात. तिथं रुगरची १०/२२ नावाची रायफल १९६४ साली निघाली. तिची नळी दोन स्क्रूंच्या आधाराने अॅक्शनला (गोळी भरून उडवणाऱ्या यंत्रणेला) बसते, त्यामुळे नळी, ट्रिगर, स्टॉक असं सगळंच बाहेरचं विकणारा मोठा बाजार तिच्याभोवती उभा राहिला. तिथल्या कायद्याने नळी उघड विकत मिळते. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये शस्त्राच्या व्याख्येतच त्याचे भाग येतात, आणि कलम ५ प्रमाणे शस्त्र बनवणं, बदलणं, दुरुस्त करणं किंवा त्याची चाचणी घेणं परवान्याशिवाय करता येत नाही. तेव्हा नळी, बोल्ट, ट्रिगरची यंत्रणा यांना हात लावायचा तो परवानाधारक आर्मररनेच. लाकूड, रबर, अॅल्युमिनियमची बटप्लेट, गालाची पट्टी, साइटमधल्या रिंगा ही आपली हद्द, आणि तीही आर्मररच्या नजरेखाली. शिवाय १०/२२ सेमी-ऑटोमॅटिक आहे, म्हणजे एक गोळी सुटली की दुसरी आपोआप भरली जाते. ५० मीटरच्या ऑलिंपिक प्रकारात एकेक गोळी हाताने भरायची असते, म्हणून ती आपल्या मुलींच्या कामाचीच नाही. आपल्या रेंजवर दिसतात त्या ॲनशुट्झ, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ या जर्मन रायफली, आणि त्यांच्या कारखान्यांनीच स्टॉक वर-खाली, लांब-आखूड करायची सोय ठेवलेली असते. तो बदल करणं नियमात बसतं. नियम वजनावर आहे (पुरुषांच्या ५० मीटर रायफलला सगळ्या जोडसामानासह ८ किलो), मापांवर आहे. खेळाडूच्या अंगाबरोबर रायफल नसावी असा नियम कुठेच नाही.

आता खरा मुद्दा. पत्रलेखकांनी खर्चाचा विषय काढला, तो बरोबर आहे. पण खर्च वाया जातो तो चीकपीसवर नव्हे, काडतुसांवर. आणि त्याबद्दल आपल्या शहरात कुणीच बोलत नाही.

.२२ चं काडतूस रिमफायर असतं. म्हणजे ठिणगी पडणारं मिश्रण मधल्या टोपीत नसतं, तळाच्या घडीत, त्या पितळी काठात पसरलेलं असतं. पिन काठावर आपटते आणि तिथलं मिश्रण पेटतं. हे काडतूस एकदा उडालं की संपलं, पुन्हा भरता येत नाही. मोठ्या बोअरच्या रायफलवाले परदेशी खेळाडू बंदुकीची दारू तोलून, गोळी निवडून आपल्या नळीसाठी काडतूस जुळवून घेतात. .२२ वाल्याला ती सोय नाही. कारखान्याने जे भरलं ते भरलं. गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम, आणि चांगलं मॅच काडतूस सेकंदाला साधारण ३२५ ते ३३० मीटर वेगाने, आवाजाच्या वेगाच्या जरा खाली, निघतं. ५० मीटर गाठायला तिला सेकंदाचा सहावा हिस्सा लागतो. तेवढ्यात ती सुमारे बारा सेंटिमीटर खाली येते. आता दोन काडतुसांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला, तर हिशेब करून पाहा, गोळी ७ मिलिमीटर वर किंवा खाली जाते. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं! नेम अचूक, श्वास बरोबर, ट्रिगर बरोबर, आणि तरी दहा कसाबसा, जरा आणखी सरकली की नऊ. पोर रडते, प्रशिक्षक मानसिक ताकदीवर भाषण देतात, घरी आई म्हणते की हिचं अभ्यासातही लक्ष नसतं.

म्हणून जगभर .२२ चे नेमबाज काडतुसांचा लॉट, म्हणजे कारखान्यात एका वेळी एकत्र बनलेला माल, निवडतात. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांत प्रत्येक लॉट वेगळा असतो आणि प्रत्येक नळीचा स्वभाव वेगळा. एकाच लॉटच्या गोळ्या शेजारच्या दोन रायफलींतून मारल्या तर एकीत पाच गोळ्यांचं एकच छिद्र दिसेल आणि दुसरीत त्या चार आण्याच्या नाण्याएवढ्या पसरतील. कागदावरून, किमतीवरून हे ओळखता येत नाही. रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, पक्की धरून, माणसाचा हात मधून काढून, वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या मारून पाहाव्या लागतात. लापुआचं असं चाचणी केंद्र जर्मनीत शॉनबेकला आहे, इंग्लंडच्या एलीची आपली चाचणी रेंज आहे. खेळाडू आपली रायफल घेऊन जातात, लॉट ठरवतात आणि वर्षाचा साठा त्याच लॉटचा उचलतात.

आपल्याकडे काय होतं? माझ्यासमोरचं सांगतो. पुतणीला एका स्पर्धेच्या आधी काडतुसं मिळाली, त्यातल्या डब्यांच्या झाकणावरचे लॉट नंबर मी वाचले तर दोन वेगळे निघाले. विकणाऱ्याला सांगितलं तर त्याला त्यात वावगं काहीच दिसेना. नाव एक, भाव एक, मग तक्रार कसली? तिने सरावाला एक लॉट वापरला, स्पर्धेत दुसरा उघडला आणि साइटवर तिचा शून्यच, म्हणजे नेम आणि गोळी एकाच जागी येण्याची जुळणी, सरकला. गुण धरायच्या आधीच्या चाचणीच्या गोळ्यांत तिने तो पुन्हा जुळवला, पण अर्धं डोकं त्यातच गेलं. मी त्या दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण हा एका दुकानाचा दोष नाही. लॉट म्हणजे काय हे विचारणारं गिऱ्हाइकच इथं तयार झालेलं नाही.

इंदूरला नेमबाजी परकी आहे असंही नाही. महूला आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे. लंडन ऑलिंपिकमध्ये पिस्तूलचं रौप्य घेणारे विजय कुमार त्याच युनिटचे. बिजासन टेकडीच्या बाजूला सीमा सुरक्षा दलाची शस्त्रांची केंद्रीय शाळा आहे. आणि निमाडातल्या खरगोन जिल्ह्यातलं रतनपूर गाव, तिथला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर भोपाळच्या राज्य अकादमीत घडला. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये वैयक्तिक रौप्य घेतलं, आणि सांघिक सुवर्ण ज्या तिघांनी आणलं त्यात तो, अखिल शेरॉन आणि आपल्या कोल्हापूरकडचा स्वप्निल कुसाळे होते. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०२४ ला, स्वप्निलने पॅरिसमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवलं, तेव्हा लोकमान्य नगरात आमच्या आळीत पेढे वाटले गेले. त्याच्या आधी २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून मारायच्या प्रकारात) विश्वविजेती झालेली होतीच. ही .२२ चीच परंपरा आहे, मराठी घरांतली आणि माळव्या-निमाडातलीही. असं असताना इंदूरच्या मुलीला आपल्या रायफलची नळी कोणती काडतुसं मागते ते तपासायला जागा नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझं मागणं क्लबांकडे आणि राज्याच्या क्रीडा विभागाकडे आहे. जिथं ५० मीटरची लेन आहे तिथं परवानाधारक आर्मररचा आठवड्याचा एक वार ठरवून द्या. आज स्टॉकचे स्क्रू कुणीही, कसल्याही पान्याने आवळतं. ते टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), दर वेळी सारख्याच जोराने आवळायला हवेत, नाहीतर नळीचा कंपच बदलतो आणि शून्य हलतो. क्लबच्या रायफलींसाठी वर-खाली होणाऱ्या बटप्लेटी, डावे चीकपीस आणि फोरसाइटच्या वेगवेगळ्या मापांच्या रिंगा एकदाच घेऊन ठेवा, म्हणजे गरिबाच्या मुलालाही रायफल अंगाबरोबर करून मिळेल. पत्रलेखकांची खर्चाची चिंता दूर करण्याचा हाच मार्ग आहे. एक बटप्लेट वर्षानुवर्षं टिकते, ती एका मुलाची उंची वाढली की दुसऱ्याला लावता येते.

आणि सगळ्यात आधी लॉट-टेस्टिंगचा व्हाइस बसवा. काँक्रीटचा ठोकळा, त्याच्यावर सरकणारी स्लाइड, रायफल न दाबता धरणारे जबडे. यात परदेशातून आणण्यासारखं काहीही नाही. आमच्या सांवेर रोडवर इंडो-जर्मन टूलरूम आहे, गोविंदराम सेकसरिया इंजिनीअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये घासकामाची यंत्रं आहेत. स्लाइडचा समांतरपणा शतांश मिलिमीटरमध्ये राखणारे हात या शहरात आहेत. चाचणी आर्मररने घ्यावी, नोंद क्लबने ठेवावी, आणि ज्या लॉटला चारपाच रायफली सारखा प्रतिसाद देतील तो लॉट सगळ्यांनी मिळून मागवावा. मागवताना पावतीवर लॉट नंबर लिहून घ्यावा आणि डबे उघडण्याआधी तो झाकणांशी पडताळावा. ही चाचणी जानेवारीच्या गारठ्यात आणि मेच्या उन्हात, दोन्ही वेळा व्हावी. गोळीवर मेणासारखं वंगण असतं, त्याचा आणि दारूचा स्वभाव थंडीत वेगळा आणि उन्हात वेगळा असतो. आपल्याकडे दोन्ही टोकं आहेत.

व्हाइसचं ड्रॉइंग मी तयार केलं आहे. कुणा क्लबला तो बसवायचा असेल तर आमच्या आळीतले आम्ही काही निवृत्त फिटर-टर्नर मजुरी न घेता जबडे आणि स्लाइड करून देऊ. फक्त लोखंड, ठोकळा आणि लेखी परवानगी क्लबची हवी. संपादकांकडे माझा पत्ता आहे.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कारागीर
लोकमान्य नगर, इंदूर