जुळे सोलापूरच्या प्लॉटबद्दल

चि. सचिन यास अनेक आशीर्वाद.

तू मोबाइलवर पाठवलेली तिन्ही आर्किटेक्टची चित्रं बघितली. तुझ्या आईला दुसरं आवडलं, कारण त्यात झाडं जास्त आहेत. चित्रातलं घर देखणंच दिसतं. दारात गाडी, गॅलरीत कुंड्या, ऊन मात्र कुठंच नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढं जातो आणि या गड्यानं हॉलची पश्चिमेची अख्खी भिंत काचेची दाखवलीय. दिवसभर पडदे ओढून बसायचं तर काच कशाला?

आधी नोंदणी बघ. १९७२ च्या कायद्याप्रमाणं कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नाव असलेल्यालाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येतं. नंबर ‘सीए’नं सुरू होतो, मग नोंदणीचं साल, मग आकडा. तिघांपैकी एकाच्या लेटरहेडवर तो नाहीच. म्हणून माणूस वाईट असं मी म्हणत नाही, इंजिनिअरांनी काढलेल्या नकाशांवर मी जन्मभर सेंटरिंग, म्हणजे स्लॅबचा साचा, बांधलंय आणि त्यातली कितीतरी घरं उत्तम आहेत. पण मग पाटीवर इंजिनिअर असंच लिहावं की!

‘महापालिकेतून लगेच पास करून देतो’ हे पहिल्याच भेटीत ज्यानं सांगितलं, त्याच्यावर माझं मन बसत नाही. चारी बाजूंनी किती जागा सोडायची ते राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत छापलेलं आहे. पास करून देण्यात कसली मर्दुमकी?

आता खरं काम. प्रत्येकाला म्हण, तुमचं पाच-सहा वर्षांपूर्वीचं एखादं घर दाखवा. नवं नको, वास्तुशांतीला सगळंच चकचकीत असतं. दुपारी चारच्या सुमारास जा आणि घरच्या बाईशी बोल, मालकाशी नंतर. तिला विचार, पश्चिमेच्या खोलीत आता झोपता येतं का? कणीक मळताना उजेड अंगावर येतो की पाठीमागून? बाथरूममध्ये तांब्याभर पाणी ओतून बघ, जाळीकडं जातं की दाराकडं. जिना चढताना बीम डोक्याला लागतो का तेही बघ. नळाला पाणी रोज येत नाही, तेव्हा हौद केवढा धरला आणि तो उपसून धुता येतो का, हेही तिलाच ठाऊक असतं. जो आर्किटेक्ट ‘तिथं जायची काय गरज’ म्हणेल, त्याचं तिथंच संपलं.

आपल्या प्लॉटवर काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया तिच्यावरच टेकवला तर भिंती तडकतात. खड्डा घेऊन मुरूम किती खोल लागतो हे बघितल्याशिवाय पायाचा आकडा सांगणारा मला नको. आर.सी.सी.चं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरचं, त्याच्या सहीचं हवं. स्लॅब भरायच्या आधी सळई तपासायला कोण येणार, आर्किटेक्ट स्वतः की त्याच्या हाताखालचा पोरगा, हे फीच्या कागदावर लिहून घे. फी थोडी जास्त गेली तरी चालेल. सगळ्यात कमी फी सांगणारा टाइल्सवाल्याकडून कमिशन काढतो, असं साइटवर सर्रास ऐकू येतं.

मला तिसरा बरा वाटतो. चित्र साधंच आहे, पण पश्चिमेला त्यानं जिना आणि बाथरूम टाकलंय, आणि प्लॉट बघायला भर उन्हात आला होता म्हणे. सूनबाईलाही विचार, स्वयंपाकघर तिचं आहे. रविवारी येताना मोजणी नकाशाची प्रत आण, त्याला द्यायचीय.

तुझा,
बाबा