मंत्रिमहोदय, रस्त्याबरोबर प्रवासही मोजा

माननीय परिवहनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

गणपती जवळ आले की मुंबई-गोवा महामार्गावर पाहणी दौरे सुरू होतात. खड्डे बुजवण्याच्या तारखा जाहीर होतात, किती किलोमीटर काँक्रीट पडलं ते छापून येतं. चौपदरीकरणाचे हे आकडे आम्ही २०११ पासून वाचतो आहोत. पण गुहागरच्या माणसाला रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात पोहोचायला पूर्वी किती वेळ लागायचा आणि आता किती लागतो, हे त्यातल्या एकाही आकड्यातून कळत नाही. माझं मागणं या मोजणीचं आहे.

मोजणी कशी असावी हे शिकायला लांब जायला नको. २००३ साली वैभववाडीजवळ आणि २००४ साली करंजाडीजवळ कोकण रेल्वेच्या गाड्या दरडींमुळे घसरल्या, माणसं गेली. आज माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली अशा स्थानकांवर पर्जन्यमापक आहेत. निवसरजवळच्या पानवल पुलावर वाऱ्याचा वेग मोजला जातो. सावित्री आणि वाशिष्ठीवरच्या रेल्वेपुलांना पुराची सूचना देणारी यंत्रणा आहे. पाऊस इतका कोसळू लागला की समोरचं दिसेना, तर गाडी ताशी ४० किलोमीटरच्या वर न्यायची नाही असा नियम आहे. आकड्याबरोबर काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं, आणि मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

त्याच सावित्रीवरचा महाडचा ब्रिटिशकालीन रस्तापूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री कोसळला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट पुरात गेल्या. त्या पुलाची तपासणी त्याच वर्षी मे महिन्यात झाली होती. वर्षातून एकदा येऊन शेरा मारून जाणं आणि नदी चढत असताना लक्ष ठेवणं, यातलं अंतर आम्ही त्या रात्री पाहिलं.

एसटीकडे तर माहितीचा साठाच आहे. कोण कुठे चढलं, कुठे उतरणार, हे वाहकाच्या तिकीट यंत्रात नोंदलं जातं. ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे, आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. तीही तिकिटं याच यंत्रातून निघतात. रद्द झालेली फेरी आगाराच्या दफ्तरात असते. मग ठरलेल्या फेऱ्या किती, सुटल्या किती, वेळेवर पोहोचल्या किती, याचा तालुकावार तक्ता दर महिन्याला लोकांपुढे यायला काय हरकत आहे?

मात्र यंत्रातले प्रवासी कमी झाले म्हणून रात्री गावात मुक्कामाला येणारी वस्तीची गाडी बंद, असं कृपा करून होऊ देऊ नका. तिकीट गाडीत चढलेल्याचं असतं. सकाळची गाडी बेभरवशाची झाली की शाळेच्या मुली खासगी वडाप गाड्यांनी जातात, म्हातारी माणसं दवाखाना पुढे ढकलतात, आणि कुणी थांब्यावर तासभर उभं राहून घरी परततं. ही माणसं कुठल्याच यंत्रात सापडणार नाहीत. त्यासाठी ग्रामसभेत जाऊन विचारावं लागेल, वाडीवाडीवर फिरावं लागेल.

हे आत्ताच सांगण्याचं कारण रायगडातल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंतचा सागरी महामार्ग. करंजा, आगरदांडा, बाणकोट, दाभोळ, जयगड इथल्या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. पूल आपल्या खात्याचे नसतील, पण त्यांवरून धावणारी एसटी आपलीच असेल. आज दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड ही ये-जा फेरीबोटीने होते. पूल झाल्यावर वेळ वाचेल, यात शंका नाही. तो मुंबईहून येणाऱ्या मोटारीचाच वाचेल की खाडीपल्याडच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाचाही? किनाऱ्यावरच्या गावांतल्या अरुंद रस्त्यांवर अवजड गाड्या आल्या तर अपघात वाढतील का? आजची स्थिती नोंदली नाही, तर पाच वर्षांनी तुलना कशाशी करायची? एकदा पूल खुला झाला की आधीचं मोजायची संधी गेली.

म्हणून विनंती, की पुलांची कामं पुरी होण्याआधी रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत प्रवासाच्या पहिल्या मोजणीचा आदेश काढावा. पुढे दरवर्षी ती भर पावसात आणि उन्हाळ्यात पुन्हा व्हावी. आणि कुठला आकडा घसरला की कोणी, किती दिवसांत, काय करायचं, हे त्या आदेशातच लिहावं.

कळावे,
गुहागर तालुक्यातील एक एसटी प्रवासी