मेडिसिन वॉर्डातल्या त्या निवासी डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,

आमचे हे परवापासून कामावर जायला लागले. जिना चढताना अजून दम लागतो, पण जेवण पूर्वीसारखं आहे. एवढंच कळवायचं होतं, पण लिहायला बसले आणि सगळं पुन्हा वर आलं.

आधीच्या खासगी दवाखान्यात डेंगीचं निदान बरोबर झालं होतं. पण तिथे दिवसभर एकाच आकड्याचा धोशा, प्लेटलेट. किती झाल्या, किती उतरल्या, डोनर शोधा, रक्तपेढीत जा. घरचे पपईच्या पानांचा रस घेऊन धावत होते. पाचव्या दिवशी ताप उतरला, तर म्हणाले, धोका टळला, उद्या घरी न्या. ह्यांचं पोट दुखत होतं, उलट्या थांबत नव्हत्या, हातपाय गार पडले होते. मी सांगत राहिले, ते ॲसिडिटी म्हणत राहिले. आणि त्याच रिपोर्टात पीसीव्ही, म्हणजे रक्त किती दाट झालंय ते सांगणारा आकडा, ३९ वरून ४८ झालेला स्पष्ट छापलेला होता! तो कुणीच वाचला नाही, याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

मग ह्यांना तुमच्या सरकारी दवाखान्यात आणलं. तुम्ही आल्या आल्या जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेत. सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर दोन रकाने आखलेत, प्लेटलेट आणि पीसीव्ही. म्हणालात, "ताई, डेंगीत ताप उतरतो तेव्हाच खरी काळजी घ्यायची. रक्तातला पातळ भाग नसांबाहेर पाझरतो आणि आमटी आटावी तसं रक्त दाट होतं. प्लेटलेट पडताना पीसीव्ही चढला, तर तो इशारा." मग तो पुठ्ठा माझ्या हातात दिलात. पुढे प्रत्येक रिपोर्ट आला की, पहाट असो की मध्यरात्र, तुम्ही स्वतः येऊन नवा आकडा त्यावर लिहायचात. वाईट आकडाही लपवला नाहीत. त्या पुठ्ठ्यामुळे मी वॉर्डाबाहेर नुसती रडत बसले नाही. काय चाललंय ते मला कळत होतं.

प्लेटलेट अठरा हजारांवर आल्या तेव्हा आमचे दीर तुमच्यावर ओरडले. तरी तुम्ही शांतपणे सांगितलंत की रक्तस्राव होत नसताना नुसत्या आकड्यासाठी प्लेटलेट चढवून फायदा होत नाही, सिंगापूर-मलेशियातल्या रुग्णांवर २०१७ साली तसा अभ्यासही झालाय. आणि पुन्हा नाडी धरलीत, बीपी घेतलंत, लघवी किती झाली ते विचारलंत. नुसत्या कागदावर तुम्ही कधीच विसंबला नाहीत. पीसीव्ही उतरायला लागला तसं सलाईनही लगेच कमी केलंत, कारण बाहेर गेलेलं पाणी परत नसांत येतं आणि जास्तीचं छातीत भरतं, हेही मला समजावलंत.

एवढ्या गर्दीत, खाली गाद्या टाकून पेशंट झोपवलेले असताना, एका घाबरलेल्या बाईला समजेल असं बोलायला कुणी तुम्हाला भाग पाडलं नव्हतं. ते कुठल्या ड्युटीत बसत नाही. सरकारी दवाखान्याला नावं ठेवणाऱ्यांना मी आता हे मुद्दाम सांगते. शेजारी कुणाला डेंगी झाला की आधी विचारते, पीसीव्ही किती?

तुमची एमडीची परीक्षा जवळ आली आहे, असं सिस्टर म्हणाल्या होत्या. मनापासून शुभेच्छा. आणि जेवत जा वेळेवर. तुमचा डबा रात्री तसाच टेबलावर असायचा.

तुमची कायमची ऋणी,
खाट क्रमांक १४ च्या पेशंटची बायको