मालक, मुद्रक, प्रकाशक

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

परवा अंक छपाईला सोडताना शेवटच्या पानावरची तळाची बारीक ओळ नेहमीसारखी बोट ठेवून वाचली आणि तुमची फार आठवण झाली. 'हे साप्ताहिक मालक, मुद्रक, प्रकाशक...' अशी सुरू होणारी ओळ. तुमचे आभार मी आजवर कधीच मानले नाहीत. ते चारचौघांसमोर मानावेत असं वाटलं, म्हणून हे उघड पत्र.

बारा वर्षांपूर्वी याच ओळीने मला रडवलं होतं. दहावीपासून मी वडिलांच्या छापखान्यात प्रुफं वाचत होते. बुधवारी रात्री पत्त्यांच्या पट्ट्यांना खळ लावून अंक बांधायचं काम आईचं आणि माझं. एका बुधवारी प्रुफात वडिलांच्या नावाच्या जागी धाकट्या भावाचं नाव दिसलं. मला वाटलं, ऑपरेटरची चूक. मी लाल पेनाने खोडून वडिलांचं नाव लिहिलं. वडील म्हणाले, "राहू दे, बरोबर आहे ते." एवढंच बोलून ते कागद मोजायला लागले.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात पुस्तक परत करायला आले, तेव्हा तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून विचारलंत आणि मी सगळं सांगून टाकलं. तुम्ही समजूत काढली नाहीत. आत जाऊन एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलंत. अमेरिकेतलं 'वॉशिंग्टन पोस्ट' हे दैनिक चालवणाऱ्या कॅथरीन ग्रॅहम यांचं आत्मचरित्र, 1998 सालचा पुलित्झर पुरस्कार मिळालेलं. आणि म्हणालात, "वॉटरगेटची, निक्सनचं अध्यक्षपद घालवणाऱ्या प्रकरणाची पानं आधी उघडू नकोस. लहानपण वाच." माझं इंग्रजी सावकाशीचं. दर पंधरा दिवसांनी तुम्ही मी न सांगताच मागच्या चिठ्ठीवर नव्या तारखेचा शिक्का मारत राहिलात.

तुमचं म्हणणं किती खरं होतं! लोक कॅथरीनबाईंची गोष्ट 1971 च्या पेंटॅगॉन कागदपत्रांपासून, म्हणजे व्हिएतनाम युद्धाबद्दलची सरकारची गुप्त कागदपत्रं छापण्यापासून, सांगायला लागतात. मला विचाराल तर ती गोष्ट 1917 पासूनच सांगायला हवी. जून महिन्यात न्यूयॉर्कमध्ये त्यांचा जन्म झाला, पाच भावंडांत चौथ्या. वडील यूजीन मायर, फ्रान्समधल्या अल्सेसहून आलेल्या ज्यू घराण्यातले, वॉल स्ट्रीटवर अमाप पैसा कमावलेले. महायुद्धाच्या कामासाठी ते वॉशिंग्टनला गेले, पाठोपाठ आईही गेली, आणि मुलं काही वर्षं न्यूयॉर्कलाच दाईंच्या हाती राहिली. माउंट किस्कोला प्रचंड मोठं घर, पण त्या घरात तीन विषय कधी निघायचे नाहीत: पैसा, वडिलांचं ज्यू असणं आणि स्त्री-पुरुष संबंध.

आई अ‍ॅग्नेस तर विलक्षण बाई. जर्मन ल्युथरन कुटुंबातली, तरुणपणी 'न्यूयॉर्क सन'ची बातमीदार, पॅरिसला रोदँसारख्या शिल्पकाराच्या ओळखीतली, पुढे चिनी चित्रकलेवर ग्रंथ लिहिणारी. मुलीने एकदा कौतुकाने सांगितलं की अमुक कादंबरी मला फार आवडली. आई म्हणाली, मूळ फ्रेंचमध्ये वाचली नसशील तर वेळ फुकट गेला. मॅडम, हे वाचून मी पुस्तक मिटलं होतं. बाहेर इतकी कर्तबगार असलेली आई घरात मुलीला सतत कमी पडल्याची जाणीव देत होती, आणि त्यात कुठे दुष्टावा नव्हता, हे मला जास्त लागलं.

आणि ते 1933 चं पान. 1 जूनला पोस्टच्या इमारतीच्या पायऱ्यांवर दिवाळखोरीतल्या त्या वृत्तपत्राचा लिलाव झाला. शहरातल्या पाच दैनिकांत ते पाचवं. एका वकिलाने मालकाचं नाव न सांगता 8,25,000 डॉलरची बोली लावली. बोली यूजीन मायर यांची होती. सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरच्या मुलीला घरात कोणी सांगितलंच नाही! पुढे बोलता बोलता आईच्या तोंडून पोस्टचा विषय निघाला, तेव्हा तिला कळलं. प्रुफ हातात धरून उभी असलेली मी मला तिथे दिसले.

पुढे ती शिकागो विद्यापीठात शिकली, सॅन फ्रान्सिस्कोला बंदरावरच्या कामगारांच्या बातम्या दिल्या, पोस्टमध्ये वाचकांची पत्रं सांभाळली. तिचा भाऊ डॉक्टर झाला. मग तिच्या वडिलांनी वृत्तपत्र सोपवलं ते जावयाकडे, तिच्या नवऱ्याकडे, फिलिप ग्रॅहमकडे, जो वकील होता आणि ज्याने वृत्तपत्रात कधी काम केलं नव्हतं. 1948 मध्ये मताधिकाराचे 3,500 शेअर जावयाला आणि 1,500 मुलीला. नवऱ्याने बायकोच्या हाताखाली काम करू नये, हा वडिलांचा विचार. तिलाही ते तेव्हा खटकलं नाही. 1963 मध्ये नवऱ्याने आत्महत्या केली आणि त्या बाईंना त्या खुर्चीत बसावं लागलं.

तेव्हा तिला खटकलं नाही, हे वाक्य मी चार वेळा वाचलं. मला खटकलं होतं, पण मी गप्प होते. त्या रात्री खळीचं भांडं बाजूला ठेवून मी वडिलांना विचारलं, "माझं नाव का नाही?" ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुला हवं असेल असं मनातच आलं नाही माझ्या." त्या आवाजात कपट नव्हतं. नंतर वर्षभर घरात अबोला, मग वाद, मग भावाचं स्वतःचंच म्हणणं की मला पुण्यातली नोकरी बरी. मालक, मुद्रक, प्रकाशक म्हणून माझ्या नावाचं नवं घोषणापत्र करायला दंडाधिकाऱ्यांच्या कचेरीत वडील स्वतः माझ्याबरोबर आले आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

तुम्ही निवृत्त होऊन गावी गेलात, तिथला पत्ता मोठ्या मुश्किलीने मिळाला. या अंकापासून साप्ताहिक तुम्हाला टपालाने येईल, वर्गणी पाठवू नका. तुमच्या पत्त्याची पट्टी मी माझ्या हाताने चिकटवली आहे.

आपली नम्र