‘न्यूज’ म्हणजे चार दिशा नव्हेत

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या मुलांच्या पुरवणीत ‘इंग्रजीच्या गमती’ या चौकटीत नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ यांची आद्याक्षरे जोडून ‘न्यूज’ शब्द झाल्याचे छापले आहे. मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. सोमवारी परिपाठाला सातवीतल्या मुलीने तीच चौकट मोठ्या उत्साहाने वाचली. वर्गात मी ते बरोबर नसल्याचे सांगितले, तर म्हणाली, “पण बाई, पेपरात आलंय!” मुलांचा पेपरावर एवढा विश्वास आहे, म्हणून हे पत्र.

‘न्यू’ म्हणजे नवे, आणि ‘न्यूज’ म्हणजे नव्या गोष्टी, इतका तो सरळ शब्द आहे. जुन्या इंग्रजी छपाईत त्याचे स्पेलिंग एन-ई-डब्ल्यू-ई-एस असेही सापडते. मग दुसरा ‘ई’ कोणत्या दिशेचा? त्याच चौकटीत ‘गोल्फ’ हा शब्द ‘जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन’ (फक्त पुरुषांसाठी, स्त्रियांना मनाई) याच्या आद्याक्षरांतून झाल्याचेही दिले आहे. तेही खोटे. १४५७ साली स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फवर बंदी घातली ती सगळ्यांसाठीच, कारण खेळापायी लोकांचा धनुर्विद्येचा सराव मागे पडत होता. त्या कायद्यात हा शब्द आहे. आद्याक्षरांतून शब्द घडवण्याची रीत त्यानंतर कित्येक शतकांनी रुळली.

खऱ्या गमती याहून कितीतरी सरस आहेत. क्रिकेटचा ‘अम्पायर’ पूर्वी ‘नम्पायर’ होता! जुन्या फ्रेंचमधला हा शब्द. अर्थ, जोडीत न बसणारा, म्हणजे दोन्ही पक्षांबाहेरचा तिसरा. ‘अ नम्पायर’ म्हणता म्हणता लोकांना ‘अॅन अम्पायर’ ऐकू येऊ लागले आणि ‘न’ मागच्या शब्दाला कायमचा चिकटला. ‘एप्रन’चेही तसेच झाले, तो मूळचा ‘नॅप्रन’. मी हे फळ्यावर लिहून मुलांना भरभर म्हणायला लावते, तेव्हा तो ‘न’ त्यांच्याच तोंडून सरकतो.

‘डेट’, म्हणजे कर्ज, यातला न उच्चारलेला ‘बी’ मुले हमखास विसरतात. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून ‘बी’शिवायच आला होता, लॅटिन मूळ दिसावे म्हणून विद्वानांनी तो मागाहून घुसवला. आणि ‘मंगूस’ तर आपले मुंगूसच! मराठीतून गेलेला शब्द, म्हणून त्याचे अनेकवचन ‘गूस’सारखे ‘गीस’ होत नाही. हे एकदा कळले की मुले ते विसरत नाहीत.

छापताना चूक कोणाचीही होते. १९३४ च्या वेबस्टर कोशात ‘डॉर्ड’ हा अस्तित्वातच नसलेला शब्द ‘घनता’ या अर्थाने छापला गेला. ‘डी ऑर डी’, म्हणजे कॅपिटल डी किंवा स्मॉल डी, हे घनतेचे संक्षिप्त रूप, अशी कोशासाठीची मूळ चिठ्ठी होती; ती अक्षरे सलग वाचली गेली आणि ‘डॉर्ड’ झाला. १९३९ मध्ये तिथल्याच एका संपादकाच्या ते लक्षात आले आणि पुढे तो शब्द काढून टाकला गेला.

तेव्हा येत्या रविवारी त्याच चौकटीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्ती छापावी ही विनंती. सोमवारच्या परिपाठाला त्याच मुलीला ती वाचायला देईन.

– एक इंग्रजी शिक्षिका, वाई (जि. सातारा)